उंबऱ्यात बसलेली भागाबाई

जळगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत पन्नास बाया कापूस निवडायच्या. त्यांचा मॅनेजर जीवराम म्हणजे जमदग्नीचा अवतार. पाणी प्यायचं ते त्याची शिट्टी वाजल्यावर, आणि हसायचं ते घरी जाऊन. १९५३च्या हंगामात तर त्याने कहरच केला. बाया बाहेर रेंगाळतात म्हणून निवडीच्या गोदामाच्या एकुलत्या एका दाराला त्याने बाहेरून कुलूप ठोकलं. दुपारच्या सुट्टीपर्यंत बंद!

बाया माना खाली घालून बसल्या. त्यांच्यातल्या भागाबाईची नजर मात्र बंद दारावरून हटेना. पलीकडेच यंत्रं. कापसात राहिलेला खडा लोखंडावर आपटला की ठिणगी उडते, आणि कापूस पेटायला तेवढी पुरते.

तिचा नवरा भटू अंथरुणाला खिळलेला, घरची चूल तिच्या एकटीच्या जिवावर. तरी दुसऱ्या सकाळी या बाईने आपला कापूस उचलला आणि सरळ उंबऱ्यात बसून निवडायला लागली. दार लागेना.

"ऊठ! उंबऱ्यात बसतात का?" जीवराम कडाडला.

"भाऊ, कुलूप लावं अन् आग लागनी, ते ह्या साऱ्या बाया कोठेन निंघतीन?"

"उलट बोलतेस? माझी भीती नाही वाटत?"

"वाटस ना भाऊ. पन आगनी जास्ती वाटस."

"उद्यापासून आत पाऊल टाकायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी भागाबाई हजर. आत पाऊल टाकलंच नाही, उंबऱ्यातच बसली! मजुरी बंद, तरी हात चालूच. बाईमाणसाला हात धरून उठवणार कसं? जीवराम नुसता धुसफुसत राहिला. असे चार दिवस गेले. काय छातीची बाई म्हणावी ही!

पाचव्या दिवशी भटूला ताप भरला आणि तिला निघायला उशीर झाला. आता कुलूप लागलं असणार, या धास्तीने ती धापा टाकत आली. पाहते तर दार उघडं. उंबऱ्यात कापूस निवडत सुगंधाबाई बसलेली. शिट्टीलाही दचकणारी सुगंधाबाई! थरथरत होती, पण हलत नव्हती. तिला खेटून आणखी दोघी. भागाबाईला टेकायला वीतभर जागा नव्हती. तिचे डोळे भरून आले, तिने ते पुसलेही नाहीत.

जीवराम कुलूप हातात धरून उभा होता. त्याने बायांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कुलूप खिशात टाकलं आणि भलतीकडेच बघत पुटपुटला, "आत जा, भागाबाई. कामाला लाग."