काकाच्या गाडीतला पिंजरा

तुमच्या काकाला, म्हणजे माझ्या धाकट्या लेकाला, चाळिशी ओलांडल्यावर मातीतल्या मोटारशर्यतीत उतरायची हुक्की आली. त्याने जुनी गाडी घेतली आणि तिची मागची सीट काढून टाकली. गाडी उलटलीच तर छत डोक्यावर बसू नये म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा लागतो. तो चिखलीच्या एका वेल्डरकडून करून घेतला. शर्यत रविवारी होती. गुरुवारी त्याने मला वेल्डरच्या दुकानात पिंजरा पाहायला नेलं, अर्थात कौतुक करून घ्यायला.

शर्यतीची नियमावली इंग्रजीत होती. तुमच्या काकासाहेबांनी तिच्यातलं इंजिनाचं पान तेवढं वाचलं होतं. मी पेन्सिल घेऊन सगळी वाचली होती. वाकून पाहिलं, तर पाइपांचे पाय थेट तळाच्या पत्र्यावर डकवलेले.

"हे चालणार नाही," मी म्हणाले.

"काकू, पंधरा वर्षं झाले, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करून राह्यलो," वेल्डर म्हणाला. "एक तरी तुटली काय?"

"ट्रॉलीले खाली चासी असते. या गाडीचं पत्र्याचं अंग हाच तिचा सांगाडा. उलटली की सगळा भार या पायांवर येईल, अन् ते पत्रा फोडून खाली जातील."

"आई, तू मिस्त्री कधी झाली?" काका कुरकुरला.

दुकानाबाहेर कूलर होता. गळक्या पाण्याने काळ्या मातीचा चिखल झालेला, आणि स्टँडच्या प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा.

"हे काऊन ठेवले?" मी वेल्डरला विचारलं.

"नाई त पाय रुततात ना..." म्हणता म्हणता तो थांबला, हसला आणि त्याने कटर उचलला. "भाऊ, काकूचं बरोबर हाय."

"अन् रविवारचं काय?" काकाचा चेहरा पडला.

"रविवारी होत नाई."

मग पाय कापले. गाडीच्या दाराखालच्या मजबूत, पोकळ पेटीवर तळहाताहून मोठ्या जाड प्लेटा चारही कडांनी वेल्ड केल्या आणि पाइप त्यांच्यावर उभे केले. हे संपायला सोमवारची संध्याकाळ झाली.

शर्यत हुकली. रविवारभर काका माझ्यावर फुगून होता. नवं हेल्मेट घालून अंगणातल्या झोपाळ्यावर बसून होता, जेवायलाही काढेना. मला वाईट वाटलं का, असं तुम्ही विचाराल. खोटं कशाला सांगू? त्या दुपारी मी छान झोपले.