चालत गाठलेली फायनल

कॉलेजच्या मासिकात खेळांचं पान इंग्रजीत असे, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. मी कॉन्व्हेंटात शिकलेली. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, आणि मुलांशी बोलायची वेळ आली की मी वहीत डोकं खुपसत असे.

त्या वर्षी टीमला नवे कोच आले. मूळ मालवणकडचे, आधी एका गिरणीत व्यायामशिक्षक. प्रिन्सिपॉलांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं: टीम फायनलला गेली तर नोकरी पुढे चालू, नाहीतर नमस्कार. आमची टीम तोवर पहिल्या फेरीपलीकडे कधी गेली नव्हती.

कोचनी महिनाभर चेंडू कपाटातच ठेवला. रोज मुलांना परळहून भायखळ्यापर्यंत चालवत न्यायचं आणि परत आणायचं.

"सर, ही टीम आहे की वरात?" एकाने विचारलं.

"पायात दम नाय, तर चेंडू काय डोक्यावर घेऊन नाचतलस?"

मुलं लालबाग-परळची. हसत हसत चालली.

मग संयुक्त महाराष्ट्रासाठी बंद सुरू झाले. बस नाही, ट्राम नाही, लोकल नाही. स्पर्धेचं वेळापत्रक मात्र छापून झालेलं. ते बदलायला कमिटीची मीटिंग हवी, आणि बंदमुळे मीटिंग भरत नव्हती. नियम असा, की जी टीम वेळेवर हजर नाही ती हरली.

पहिल्या सामन्याला मी गिरगावातून पायीच गेले. मैदानावर फक्त रेफरी आणि मी. ते माझ्याकडे बघत, मी वहीकडे. इतक्यात फाउंटनकडे निघालेल्या मोर्चातून जर्सी घातलेली आमची अकरा मुलं बाजूला झाली. घोषणा देऊन सगळ्यांचे घसे बसलेले. मागून कोच, घामाघूम.

"मोर्चा इकडेच येत होता," ते रेफरींना म्हणाले. "म्हटलं, सोबत झाली."

समोरची टीम उपनगरातली. ती आलीच नाही. रेफरींनी शिट्टी वाजवली आणि रिवाजाप्रमाणे आमच्या कप्तानाने रिकाम्या गोलात चेंडू मारला. तो बाहेर गेला.

"अरे, अडवायला कोण भूत होतं काय रे तिकडं?" कोचनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्यांदा मारला तेव्हा गेला.

पुढचे दोन सामनेही नेमके बंदच्या दिवशीच आले. आम्ही तिन्ही जिंकलो. फायनल मात्र साध्या दिवशी होती. ट्राम चालू, समोरची टीम हजर. आठ-शून्यने हरलो.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलांनी मला बोलावलं. कोच बाहेर बाकावर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, दवाखान्यात बसावं तसे.

"एकूण सामने किती खेळले?" प्रिन्सिपॉलांनी इंग्रजीत विचारलं.

खोटं बोलायला धीर लागतो. तो माझ्याकडे नव्हता.

"एक, सर."

"आणि बाकीचे?"

"समोरचे आले नाहीत."

"मग आपले कसे आले?"

"चालत." एरवी मी एवढ्यावर थांबले असते, पण दारातून बाकाचं टोक दिसत होतं. "परळहून, सर. त्यांनी महिनाभर तेवढंच शिकवलं होतं."

प्रिन्सिपॉलांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. त्यांचे खांदे हलत होते.

"राहू देत त्यांना," ते म्हणाले.

मी बाहेर येऊन कोचना सांगितलं, "पुढच्या वर्षीही तुम्हीच."

त्यांचा विश्वास बसेना. "आणि खेळाबद्दल काय बोलले गो?"

"काही नाही."

"बरा झाला," ते म्हणाले, आणि मग बाकावरून उठले.