लिंडेनहोफच्या गॅलऱ्या

गोडेलीव्ह बाटेन्सनं गेंट शहरातल्या वास्तुकला महाविद्यालयात तीस वर्षं शिकवलं, पण आयुष्यात एक कोंबड्यांचं खुराडंही बांधलं नाही. माणसं घरात कधी रमतात, कधी कोमेजतात, याचा विचार करायचा आणि तो लिहायचा, हे तिचं काम. तिच्या पहिल्या ग्रंथाचं म्हणणं साधं होतं: प्रत्येक घराचं दार रुंद, सामाईक गॅलरीत उघडावं, म्हणजे शेजाऱ्यांना एकमेकांना टाळता येणार नाही. तिच्या एका विद्यार्थिनीनं ते मनावर घेतलं आणि बंदराजवळ लिंडेनहोफ ही दोनशे घरांची वसाहत अगदी त्याबरहुकूम उभी केली.

उद्घाटनाला गोडेलीव्ह फुलून आली होती. पुन्हा गेली ती जानेवारीत. गॅलऱ्यांतून वारा घोंघावत होता आणि एकजात सगळी दारं बंद. ती अर्धा तास थांबली, कुणी दिसलं नाही, आणि ट्राम पकडून घरी परतली.

मनात शंका शिरली. शंका ग्रंथात मांडायची तिची छाती नव्हती, त्यासाठी तिच्या कादंबऱ्या होत्या. चौथ्या कादंबरीत तिनं अशाच वसाहतीतली एक म्हातारी रंगवली. ती दाराआड मरून पडते आणि अकरा दिवस कुणाला पत्ता लागत नाही. तिचे ग्रंथ वाचनालयांत धूळ खात, पण या कादंबरीवर लोकांच्या उड्या पडल्या.

सहा वर्षांनी नगरपालिकेनं लिंडेनहोफ पाडायचं काढलं. बंदराकाठची जमीन आता सोन्याची झाली होती. अहवालात पहिल्याच पानावर त्या म्हातारीच्या मरणाचा उतारा होता, आणि खाली लिहिलं होतं की ही कल्पना जिची, तिनंच त्या कल्पनेवर दिलेला हा निकाल.

अहवालाचं ते पान घेऊन ओडिल फर्हेखे तिच्या महाविद्यालयातल्या खोलीवर आला. गोदीत क्रेन चालवून निवृत्त झालेला, लिंडेनहोफमधला पहिल्या दिवसापासूनचा भाडेकरू. दिलेल्या खुर्चीवर तो बसलाही नाही.

"मॅडम, माझी बायको शेवटचे चार महिने त्या गॅलरीत आरामखुर्चीवर असायची. रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून सूप यायचं. हे तुमच्या पुस्तकात कुठंय?"

"ती कादंबरी आहे, ओडिल. ती म्हातारी मी रचलीय."

"मग हे नगरपालिकेत जाऊन सांगा."

गोडेलीव्हचा जीव टांगणीला लागला. ती रोज लिंडेनहोफला जाऊ लागली, दारं ठोठावू लागली. जानेवारीत दारं बंद असतात ती थंडीमुळं, हे तिला एका शाळकरी पोरीनं सांगितलं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली. एकानं दोन ओळी छापल्या. पुस्तक बाजारातून मागं घ्या म्हणून तिनं प्रकाशकाला विनवलं. त्यानं नवी आवृत्ती काढली.

नगरपालिकेतल्या सुनावणीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. सुनावणी घेणारा नगरसेवक अदबीनं बोलला.

"मॅडम, तुमचा तो ग्रंथ खरा मानायचा की ही कादंबरी?"

तिनं तयार केलेलं भाषण हातातच राहिलं.

"दोन्ही मी घरी बसून लिहिली," ती म्हणाली.

सभागृह हसलं. लिंडेनहोफची माणसं मात्र हसली नाहीत. ठराव मोठ्या मताधिक्यानं मंजूर झाला.

वर्षभरात दोनशे कुटुंबं शहराच्या चार कोपऱ्यांत पांगली. ओडिलला आठव्या मजल्यावर एक खोली मिळाली. तिथं लिफ्टमध्येसुद्धा कुणी बोलत नाही, असं तो सांगायचा. पाडकाम सुरू झालं त्या सकाळी जुने शेजारी कुंपणाशी जमले. थर्मासातली कॉफी या हातातून त्या हातात फिरत होती. गोडेलीव्ह येऊन त्यांच्यात उभी राहिली. यंत्राचा जबडा तिसऱ्या गॅलरीत घुसला तेव्हा ओडिल तिच्याकडं वळला. आवाजात राग नव्हता.

"तुम्ही घरी जा, मॅडम. आम्हाला रडायचंय."

ती निघाली. ट्रामच्या थांब्यावर पोचली, पण आलेल्या तीन ट्राम तिनं तशाच जाऊ दिल्या. त्याच उन्हाळ्यात तिनं नोकरी सोडली. पुढं नऊ वर्षं ती जगली, पण ग्रंथ नाही की कादंबरी नाही, एक ओळही तिनं लिहिली नाही.