वूफरशेजारी, टेबलाखाली

धारूरच्या सासरी कॉम्प्युटरच्या तारा जोडता येणारी मी एकटीच. त्या दिवशी पदर कमरेला खोचून वूफर जोडायला टेबलाखाली शिरले, आणि सासरे पाहुण्यांना घेऊन आत आले. उघड्या डोक्यानं त्यांच्यासमोर बाहेर कशी पडणार? टेबलावरून लोंबणाऱ्या चादरीआड गुडघे आवळून बसले.

"आवाज कावून येत न्हाई?" सासऱ्यांनी विचारलं.

"बघतो की," म्हणत खुर्चीतल्या नवऱ्यानं मला पायानं ढोसलं. दातओठ खात मी हिरवी पिन कॉम्प्युटरच्या मागे खुपसली. वूफर माझ्या कानाशीच दणाणला.

"आमचं पोरगं लई हुशार हाय," सासरे पाहुण्यांना म्हणाले. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी मला हाक मारली, "सूनबाई, चहा टाक."