रन मोठी की कलर

पत्ते पिसल्याचा आवाज कानावर पडला की मला पनवेलच्या ठाण्यातली ती दुपार आठवते. खात्यात मी सहाच वर्षं काढली. घरच्या कारणानं वर्दी लवकर उतरवली, पण ही केस मनातून उतरली नाही.

मी उपनिरीक्षक होते. इंग्रजी शाळेत शिकलेली, कमी बोलणारी. ‘मॅडम जबाब घेतात की मौन पाळतात?’ अशी थट्टा माझ्यामागे चाले. पण गप्प माणसासमोर लोक जास्त बोलतात, हे मी लवकर ओळखलं होतं.

एका गुरुवारी सकाळी पन्नाशीची एक बाई ठाण्यात आली.

“मॅडम, पोरानी कागद घालवला. आता आमच्याकडं काय नाय.”

कागद म्हणजे प्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचं वाटपपत्र. शेती प्रकल्पात गेली, नवरा वारला, उरला तो भूखंड. मुलगा विचुंब्याच्या एका फ्लॅटमध्ये पोकर शिकायला जायचा. तीन दिवस त्याला जिंकू दिलं. चौथ्या दिवशी हरता हरता त्यानं भूखंडच लावला, वाटपपत्र शिकवणाऱ्याच्या हवाली केलं आणि साठेकरारावर, म्हणजे विक्रीच्या करारावर, सही केली. सोमवारी नोंदणी होणार होती.

शिकवणाऱ्याला बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, “सही त्याची, साक्षीदार समोर. जबरदस्ती कुठे आहे?”

साक्षीदार म्हणजे तिथेच शिकायला आलेला दुसरा एक जण. त्याचा जबाब साधा होता: ‘पोकर त्याच दिवशी पहिल्यांदा बघितला, तासभर बसलो. मला फक्त तीन पत्ती येते, गौरीच्या जागरणाला खेळतो तेवढीच.’

पोकर मलाही येत नव्हता. मोबाईलवर नियम वाचले आणि जेवणाच्या सुट्टीत हवालदारकाकांना समोर बसवलं. डाव शेंगदाण्यांचा. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच. त्यांतून आपले उत्तम पाच जुळवायचे. ओळीचे पत्ते, म्हणजे रन, लागली की काका दाणे ओढून घ्यायचे.

“काका, माझे पाचही बदाम आहेत. कलर मोठा.”

“नाय मॅडम, रन मोठी. आमच्या आज्यापासून रनच मोठी हाय.”

तीन पत्तीत खरंच रन मोठी, पोकरमध्ये उलटं. काका दोन दिवस तीच चूक करत होते. शिवाय टेबलावर तीन बदाम आले की ते हातातले पत्ते पुन्हा उचलून बघायचे. नवख्याला आकडा आठवतो, रंग आठवत नाही. मलाही आठवत नव्हता.

शनिवारी दुपारी साक्षीदाराला पुन्हा बोलावलं.

“मी शिकतेय,” मी म्हटलं. “तासाभरात तुम्हाला काय समजलं ते दाखवा.”

तो हसला. “मॅडम, तुमचं काम नाय हे.”

काकांनाही डावात बसवलं. पत्ते मी आधीच लावून ठेवले होते. त्याला रन मिळाली. तो खुशीत दाणे लावत राहिला. शेवटी टेबलावर तिसरा बदाम पडला आणि काकांनी आपले सगळे दाणे पुढे सरकवले. त्यानं आपले पत्ते पुन्हा उचलून बघितलेही नाहीत. तसेच उपडे फेकले.

“रन होती ना तुमची?” मी विचारलं. “का सोडली?”

“समोर कलर दिसतोय. रन घेऊन काय करू?” बोलून तो थांबला. “पण तुमाला कसं कळलं माझी रन हाय?”

“पत्ते मीच लावलेत.”

काका म्हणाले, “दादा, मला दोन दिवसांत जमलं नाय, तुला तासाभरात कसं जमलं?”

मी पत्ते गोळा करून पिसू लागले. त्यानं पाणी मागितलं आणि सगळं सांगितलं. नवख्यांशेजारी नवखा म्हणून बसायचं, त्यांच्याबरोबर हरायचं, धीर द्यायचा, पुढचा डाव लावायला लावायचं. हेच त्याचं काम. त्याच संध्याकाळी फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. शिकवणाऱ्याच्या कपाटातून वाटपपत्र पंचनामा करून जप्त केलं. सोमवारची नोंदणी थांबली.

अज्ञान लपवणारी माणसं मी रोज पाहत होते. त्यात मीही होते. अज्ञानाचं सोंग मात्र फार काळ टिकत नाही, कारण खऱ्या नवख्याच्या चुका ठरवून करता येत नाहीत. त्या दोन दिवसांत मी त्या सगळ्या केल्या, म्हणूनच त्या मला ओळखता आल्या.

पुढे कोर्टाच्या आदेशानं कागद परत मिळाला, तेव्हा बाई मुलाला घेऊन आली. खोटा साक्षीदार कसा सापडला ते मी समजावून सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकलं, कागद पदराखाली घेतला आणि मान हलवली.

“तुमी सांगताय म्हणून ऐकते, मॅडम. पण मोठी रनच.”