खड्ड्यातलं पीठ

उघड्या टपाच्या आमच्या म्हाताऱ्या गाडीतून बायकोला दिवाळीला माहेरी न्यायचं, हे मी अख्ख्या गल्लीला ओरडून सांगून बसलोय. आज अंगणात गाडीच्या दाराचा पोचा सातव्यांदा पुट्टीनं भरून, घासून गुळगुळीत केला आणि गरजलो, "आता यावरून मुंगीसुद्धा घसरून पाय मोडून घेईल!"

भाकरी अर्धवट टाकून बायको आली. डोळे मिटून तिनं पिठानं माखलेला तळवा पत्र्यावरून फिरवला. "अहो, इथे खड्डा आहे."

बघतो तर काय, तेवढ्याच जागी पीठ साचून चंद्र उमटलेला!

डोळे आपलेच, म्हणून आपल्याच बाजूनं साक्ष देतात. लाखभर भाकऱ्या थापलेला तळवा मात्र नवऱ्याचीही भीड धरत नाही.

रंगाचा उघडलेला डबा मी बंद केला. पॉलिशपेपर भिजवला.

"आठव्यांदा भरून घासतो. तू पीठ तयार ठेव."