बाबांची घासाघीस
नव्याकोऱ्या माहितीपत्रकाचा वास आला की मला अजून बाबांचा राग येतो. बारावीनंतर कला-मनोरंजन व्यवस्थापनाच्या पदवीसाठी आम्ही शहरातली कॉलेजं पालथी घातली. परवडणारं एकच निघालं. तिथंही बाबांनी गुलमंडीच्या बाजारात साडी घ्यावी तशी फीसाठी घासाघीस केली, "दुसरीकडं लई स्वस्त हाय," म्हणत उठले आणि सावकाश गेटकडं निघाले. "थांब, आत्ता हाक मारतील," मला म्हणाले. उन्हात उगाच चपलेचा पट्टा लावत बसले. कुणी हाक मारली नाही. परत आत गेलो, तर शेवटची जागा रांगेतल्या आमच्या मागच्या मुलीनं घेतली होती. त्या पदवीशिवायच मी आज लग्नसमारंभांच्या आयोजनाची कामं घेते. भाव ऐकून एखादा बाप सावकाश उठला की डोकं फिरतं, आणि तो दारापर्यंत पोचायच्या आत मीच हाक मारते.